वीतभर माती

पोलंडमधल्या शेतकऱ्यांनी एका मातीला तिच्या आवाजावरून नाव दिलं. चुनखडकावरची उथळ, काळसर, दगडगोट्यांनी भरलेली जमीन नांगरताना फाळ दगडांवर घासत, कुरकुरत जातो. त्या कुरकुरीसाठी त्यांच्या बोलीत जो शब्द होता त्यावरूनच ‘रेंडझिना’ हे नाव पडलं, असं सांगतात. पुढे मृदाशास्त्रज्ञांनी तो शब्द उचलला आणि जगभर नेला. त्यांच्या वर्गीकरणातली बाकीची बरीचशी नावं ग्रीक-लॅटिन धातूंची मोडतोड करून बनवलेली आहेत. त्या गर्दीत हा एक शब्द अजून शेतातला वाटतो.

या पुस्तकातली माती मात्र पोलंडची नाही, आणि तिच्यावर नांगर चालत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या मध्य-पश्चिमेला एडवर्ड्स पठार नावाचा प्रदेश आहे. त्याचा विस्तार सुमारे एक लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश. तिथे गाई, मेंढ्या आणि शेळ्या चरतात, हरणं फिरतात, ओक आणि जुनिपरची झाडं उभी असतात. पावसाचं मान पूर्वेच्या कडेला ८०० मिलिमीटरच्या आसपास, पश्चिमेला त्याच्या निम्म्याहून कमी. मधल्या सोनोरा गावाजवळचा पाऊस आपल्या अवर्षणप्रवण पट्ट्याच्या आकड्यांत सहज बसेल. फक्त तो मोसमी वाऱ्यांसारखा एका दमात येत नाही. वसंत सरताना एकदा आणि शरद लागताना एकदा असे त्याचे दोन उंचवटे असतात. या पठारावर कुठेही पहार मारा, वीतभर आत गेली की ठण्ण असा आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. त्या वीतभर मातीबद्दल हे पुस्तक आहे.

मराठीत असं पुस्तक कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. याचं उत्तर माझ्या एका जुन्या चुकीत आहे. मी मुरमाड जमिनीच्या गावात वाढलो. माळ, बरड, हलकी जमीन हे शब्द मला पुस्तकांतून शिकावे लागले नाहीत. त्यामुळे चुनखडकाचा तो माळ प्रथम पाहिला तेव्हा मनाशी म्हटलं, ही तर आपलीच जमीन. तीच खुरटी झुडपं, तेच उघडे पडलेले दगड, तीच शेळी. दोन दिवसांनी खड्डा खणायला घेतला तेव्हा काहीतरी चुकत असल्याचं लक्षात आलं. माती होती, त्याखाली खडक होता. मधलं काहीच नव्हतं.

आपल्या काळ्या कातळाचं तसं नसतं. बसाल्ट कुजतो. आधी त्याला भेगा पडतात, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मग तो कुदळीला लागण्याइतका मऊ होतो, त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाच्या वरच्या अंगाला माती. खडकातली खनिजं बदलतात. पण त्यांच्यातला बराचसा माल तिथेच राहतो, वेगळ्या रूपात. म्हणून मुरमाड जमिनीच्या पोटात एक प्रकारची शिल्लक असते. मुळं तिच्यात शिरतात, पाणी मुरतं, आणि तासलेल्या मुरमातही चार-दोन पावसाळ्यांनी काहीतरी उगवतं.

चुनखडक कुजत नाही, विरघळतो. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून कितीतरी जास्त मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. त्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. झऱ्याला, नदीला, भूजलाला. मागे उरतो तो खडकात मुळात अडकलेला न विरघळणारा अंश: थोडी चिकणमाती, थोडी वाळू, आणि चकमकीच्या दगडाच्या गाठी. शुद्ध चुनखडकात हा अंश शेकडा दोन-चार इतकाच असतो. म्हणजे बोटभर माती मागे राहायची तर वरचा हात-दोन हात खडक आधी नाहीसा व्हायला हवा. आपली माती बेरजेतून नाही तरी निदान बदलातून होते. तिथली वजाबाकीतून होते. माती आणि खडक यांच्यामधली रेघ इतकी स्वच्छ का, हे एकदा कळलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात. (या पठाराच्या पूर्व कडेला कठीण चुनखडक आणि मऊ मार्ल, म्हणजे चिकणमाती मिसळलेला चुनखडक, यांचे थर आलटून-पालटून येतात आणि डोंगरउतारांना पायऱ्या पडतात. तिथली माती वेगळी वागते. तिची दखल स्वतंत्र प्रकरणात घेतली आहे.)

आता या मातीचा रंग. कोरड्या माळावरची, दगडांनी भरलेली, वीतभर जाडीची माती कशी असेल असं कुणाला विचारलं तर पांढुरकी, भुरकट, निःसत्त्व असं उत्तर येईल. प्रत्यक्षात पठाराच्या पूर्व आणि मध्य भागातली माती ओंजळीत घेतली तर ती गडद तपकिरी, जवळजवळ काळी निघते आणि बोटांनी चुरली की तिचे रवाळ दाणे होतात. अमेरिकी वर्गीकरणात टॅरंट आणि एक्रँट या नावांच्या इथल्या मृदा ‘मॉलिसॉल’ गटात येतात. हा तोच गट ज्यात प्रेअरीतल्या गव्हामक्याच्या सुपीक, जाड जमिनी मोडतात. श्रीमंत घराण्यातली ही गरीब शाखा म्हणायची. कारण कॅल्शियम. कुजलेल्या मुळा-पानांतली सेंद्रिय द्रव्यं आणि चिकणमातीचे कण यांना कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं. जीवाणूंना ते द्रव्य सहजी खाता येत नाही, आणि पावसाच्या थेंबाने दाणे लगेच फुटत नाहीत. उथळपणा आणि दारिद्र्य या दोन गोष्टी आपण नकळत एकच धरतो. या मातीने ती सवय मोडायला लावली, म्हणून तिच्याबद्दल मला थोडा पक्षपात आहे. वाचकाने तो ध्यानात ठेवावा.

तिच्यात खोटही आहे, आणि ती त्याच कॅल्शियममुळे. जिथे बारीक मातीतही चुना भरलेला असतो तिथे मातीचा सामू आठच्या वर, साधारण ८.२ ते ८.४ च्या आसपास अडकून बसतो. चुना शिल्लक आहे तोवर तो हलत नाही. गंधक टाका, शेणखत टाका, थोड्या दिवसांत मूळपदावर. अशा मातीत स्फुरद असूनही मिळत नाही, कारण तो कॅल्शियमशी जखडला जातो. लोह आणि जस्त यांचंही तसंच. परसात हौसेने लावलेल्या फळझाडाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत मोसंबीची बाग लावलेल्यांना हे चित्र नवं नाही. माळावरच्या मूळच्या गवतांना मात्र याचं काही वाटत नाही. त्यांनी हा हिशेब फार पूर्वीच जुळवून घेतलाय.

चुना कुठे आहे हे ओळखायची रीत सोपी आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकायचा आणि फसफस होते का बघायचं. पठाराच्या पूर्व बाजूला बऱ्याचदा गंमत होते: दगड फसफसतो, पण त्या दगडांच्या मधली माती गप्प राहते. पाऊस पुरेसा आहे, त्याने बारीक मातीतला चुना धुऊन नेला आहे. पश्चिमेकडे जात राहा, पाऊस कमी होत जातो, आणि एका टप्प्यानंतर मातीही फसफसू लागते. पर्जन्यमापक नसतानाही त्या थेंबावरून हवामानाचा अंदाज बांधता येतो.

दगडांचं प्रमाण हा पुढचा मुद्दा, आणि इथे प्रयोगशाळेने आपल्याला बराच काळ फसवलं. माती तपासायची म्हणजे आधी २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची; वर राहील ते फेकून द्यायचं. या मृदांमध्ये फेकून द्यायचा तो भाग निम्मा असतो. घनफळाने ३५ टक्क्यांहून जास्त दगडगोटे असले की वर्गीकरणात मातीच्या नावाला ‘सांगाडा’ अशा अर्थाचं विशेषण जोडतात, आणि एडवर्ड्स पठारावरच्या उथळ मृदा बहुतेक या सांगाडेवाल्यांतल्याच. चाळणीखालच्या मातीचा अहवाल बघितला तर ती उत्तम. पण तो अहवाल अर्ध्या जमिनीचा असतो.

पाण्याचा हिशेब करून पाहू. एक वीत म्हणजे २३ सेंटिमीटर. निम्मे दगड वजा केले की बारीक माती उरली साडेअकरा सेंटिमीटर. तिच्या घनफळाच्या १५ टक्के पाणी झाडांना घेता येईल असं धरलं, तर सगळा साठा होतो जेमतेम १७ मिलिमीटर. मीटरभर खोल काळ्या जमिनीत हाच आकडा २०० च्या घरात जातो. उन्हाळ्यातल्या कडक दिवशी हवा सहा-सात मिलिमीटर पाणी मागते. म्हणजे चांगला पाऊस होऊन तीन-चार दिवस झाले की या मातीचा माठ कोरडा. मग पन्नास मिलिमीटर पाऊस एकदम पडला काय नि वीस पडला काय, मातीच्या दृष्टीने सारखंच. तिला हवा असतो तो वरचेवर, थोडा थोडा पाऊस. म्हणून तिथले जुने रँचवाले वर्षाची सरासरी फारशी सांगत बसत नाहीत. शेवटचा पाऊस कधी झाला ते सांगतात.

पण दगड नुसती जागा अडवत नाहीत. निम्मी जमीन दगडांनी झाकलेली असेल तर त्यांच्यावर पडलेलं पाणी निथळून मधल्या मातीत जातं. दहा मिलिमीटरच्या सरीत त्या मातीला जवळपास दुप्पट ओल मिळते आणि ओल खोल जाते. दगडाखाली ऊन पोचत नाही, म्हणून ती टिकते. कोरड्या दिवसांत माळावरचा सुटा दगड उलटवून पाहा; खाली बारीक मुळांचं जाळं आणि एखादा किडा दिसतो, बाजूच्या उघड्या मातीत काही नसतं. यातही अट आहे. दगड मातीवर सुटा पडलेला असेल तर तो पाणी मुरवायला मदत करतो. तोच दगड मातीच्या कडक पापुद्र्यात रुतून बसला असेल तर फरशीचं काम करतो आणि पाणी वाहून जातं. जनावरांच्या खुरांनी तुडवलेल्या माळावर हा दुसरा प्रकार वाढतो. एकाच वर्णनाच्या दोन माळांवर दोन उलट निष्कर्ष का निघतात, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

पाणी वाहून जाणं म्हणजे काय हे पठाराच्या दक्षिण कडेला राहणाऱ्या लोकांना विचारावं. ३१ मे १९३५ रोजी डीहॅनिस गावाजवळ पावणेतीन तासांत २२ इंच, म्हणजे जवळजवळ ५६० मिलिमीटर पाऊस झाला. सोनोराचा वर्षाचा पाऊस दुपारच्या झोपेएवढ्या वेळात. इतका पाऊस कोणतीच माती पिऊ शकत नाही, पण सतरा मिलिमीटरचा माठ असलेल्या मातीच्या प्रदेशात त्याहून फार लहान सरीही पूर आणतात.

आता आणखी पश्चिमेला जाऊ. पेकॉस नदी ओलांडली की जमिनीत एक नवीन गोष्ट दिसू लागते. वरची माती फिकट, आणि वीत-दीडवीत खाली सिमेंटसारखा पांढरा थर. तिथे त्याला कॅलिची म्हणतात. हा खडक आहे असं पहिल्यांदा वाटतं. तो खडक नाही. मातीने स्वतः घडवलेली वस्तू आहे. ती कशी घडते याचा छडा शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात लास क्रूसेस गावाच्या परिसरात लागला. अमेरिकेच्या मृदासंधारण सेवेने १९५७ ते १९७२ अशी पंधरा वर्षं तिथे ‘डेझर्ट प्रोजेक्ट’ नावाचं काम चालवलं. लीलंड गाईल, जॉन हॉली, रॉबर्ट ग्रॉसमन ही त्यातली मुख्य माणसं. गाईल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांचा १९६६ सालचा लेख या विषयातला पाया मानला जातो. मी तो बऱ्याच उशिरा वाचला, आणि आधी न वाचल्याची लाज अजून वाटते.

त्यांनी दाखवलं ते असं. कोरड्या प्रदेशात पाऊस मातीतून आरपार जात नाही. थोडं अंतर खाली उतरतो, तिथेच थांबतो आणि सुकतो. त्याच्याबरोबर आलेला चुना त्या खोलीवर मागे राहतो. हा चुना खालच्या खडकातूनच येतो असंही नाही. बराचसा वाऱ्याच्या धुळीतून आणि पावसाच्या पाण्यातून, म्हणजे वरून येतो; ज्या गोट्यांत चुन्याचा अंश नाही त्यांच्या गाळातही हे थर बनले आहेत. गोटेमिश्रित मातीत सुरुवात गोट्याच्या पोटाला होते. निथळणारं पाणी गोट्याच्या खालच्या बाजूला थेंब धरून राहतं, ते सुकलं की पांढरी पुटी बसते. पुढची पायरी म्हणजे पुटं जाड होतात, गोट्यागोट्यांमधले दुवे जुळतात. मग मधली सगळी भोकं बुजतात. आणि भोकं बुजल्यावर पाणी त्या थराच्या डोक्यावर साचू लागतं, तिथे कागदाच्या थप्पीसारखे पातळ पापुद्रे चढतात. या चार पायऱ्या. गोट्यांची जमीन या पायऱ्या बिनगोट्यांच्या जमिनीपेक्षा लवकर चढते, कारण बुजवायची भोकंच मुळात कमी असतात. लवकर म्हणजे अर्थात हजारो ते लाखो वर्षांच्या मापात.

यातून हातात येणारी एक युक्ती मला फार आवडते. ओघळीच्या काठातला गोटा जागचा काढावा आणि पांढरी पुटी कुठे आहे ते बघावं. ती खाली असेल तर गोटा जिथे होता तिथेच आहे. ती वर किंवा बाजूला असेल तर कुणीतरी, पाण्याने, घुशीने किंवा माणसाने, त्याला कधीतरी उलटवलं आहे.

खोलीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २५ सेंटिमीटरच्या आत सलग खडक लागला की त्या मातीला ‘लेप्टोसॉल’ म्हणतात. ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे पातळ. जगात क्षेत्रफळाने सर्वांत पसरलेला मृदागट हाच आहे. पण सलग म्हणजे किती सलग? एडवर्ड्स पठाराचा खडक सुमारे दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचला. आपला काळा कातळ ओतला गेला त्याच्याही चार कोटी वर्षं आधी. तेव्हापासून पाण्याने त्याला पोखरलं आहे. वरून फरशीसारखा दिसणारा खडक आतून भेगा, सांदी आणि गुहांनी भरलेला आहे. ज्या खड्ड्यात मी पहिल्यांदा हात झिणझिणवून घेतले, त्यातच तासाभराने पहार एका जागी अचानक मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला ओली, तांबूस चिकणमाती होती. आमच्या नोंदवहीत त्या खड्ड्याची खोली २१ सेंटिमीटर लिहिलेली आहे.

झाडांना ही गोष्ट कधीच ठाऊक होती. १९९९ साली रॉबर्ट जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावरच्या २१ गुहांमध्ये उतरून छतांतून लोंबणारी मुळं गोळा केली. गुहा ५ ते ६५ मीटर खोल होत्या. मूळ कुठल्या झाडाचं हे बघून सांगता येत नाही, म्हणून त्यांनी डीएनएवरून ओळख पटवली. किमान सहा जातींच्या झाडांची मुळं पाच मीटरच्या खाली पोचली होती. दहा मीटरच्या खाली मात्र एकच, सदाहरित ओक. आणि ती सुमारे २५ मीटरपर्यंत. वीतभर मातीवर उभं असलेलं झाड आठमजली इमारतीइतक्या खोलीवरून पाणी आणत होतं. गवताला ही सोय नाही. त्याची मुळं बहुतांशी त्या सतरा मिलिमीटरच्या माठातच असतात. माळावर गवत आणि झाड यांचं भांडण लावून दिलं जातं तेव्हा दोघं एकाच विहिरीवर पाणी भरतात असं गृहीत धरलेलं असतं. ते निम्मंच खरं आहे.

आता दोष कुणाचा, याकडे वळलं पाहिजे, कारण माळ म्हटलं की शेळीला बोल लावल्याशिवाय आपली चर्चा पुढे सरकत नाही. माती इतकी उथळ का? चराईने धुपली, असं सरळ उत्तर बराच काळ दिलं जात होतं. कर काउंटीतल्या हॉल्स केव्ह नावाच्या गुहेने त्याला मोठी कलाटणी दिली. या गुहेत हिमयुगाच्या अखेरीपासूनचा गाळ थरावर थर साचलेला आहे. खालच्या थरांत खोल बिळं करणाऱ्या प्राण्यांची हाडं सापडतात. वरच्या थरांत ती विरळ होत जातात. बीळ करायला मातीच उरली नाही म्हणून प्राणी गेले. २००३ साली कुक आणि सहकाऱ्यांनी याच गुहेतल्या अवशेषांमधल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून कालक्रम लावला. मातीचं स्ट्रॉन्शियम आणि चुनखडकाचं स्ट्रॉन्शियम यांची ठेवण वेगळी असते. माती पातळ होत गेली तसं वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या शरीरात खडकाचं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं. निष्कर्ष असा की मोठी धूप सुमारे २१ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात, हवामान बदलत असताना झाली. तेव्हा तिथे ना गाय होती ना शेळी. पुढे २००७ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट मांडली: जुन्या जाड मातीतली चिकणमाती खालच्या चुनखडकातून आलीच नसावी, तिच्या वर एकेकाळी असलेल्या ‘डेल रिओ क्ले’सारख्या चिकणमातीच्या थरातून ती आली असावी. तो थर पठाराच्या बहुतेक भागावरून कधीच नाहीसा झाला आहे. म्हणजे गेलेली माती परत देऊ शकणारा सावकारही आता उरलेला नाही.

याने शेळी निर्दोष सुटत नाही. १८८० च्या दशकात काटेरी तार आणि पवनचक्की आली, पाणी नसलेल्या भागातही जनावरं बारमाही राहू लागली, आणि उरलेल्या मातीची घडण बिघडली. जाडी फारशी बदलली नसेल. पाणी पिण्याची ताकद बदलली. सोनोरा आणि रॉकस्प्रिंग्ज यांच्या दरम्यान १९१५-१६ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्रात या प्रश्नावर झालेलं काम मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतं. लिओ मेरिल यांनी १९४९ मध्ये तिथे एक साधी चराईपद्धत मांडली: चार कुरणं, तीन कळप, प्रत्येक कुरण बारा महिने चरायचं आणि चार महिने विसावायचं. गाय, मेंढी आणि शेळी तिन्ही एकत्र, कारण तिघांची जीभ वेगवेगळ्या पाल्याकडे वळते. याच केंद्रात १९८० च्या दशकात थुरो आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम पाऊस पाडून पाणी किती मुरतं ते मोजलं. ओकच्या राईखाली सर्वांत जास्त, झुबक्याने वाढणाऱ्या उंच गवतात त्याखालोखाल, आणि जमिनीला चिकटून पसरणाऱ्या आखूड गवतात सर्वांत कमी. जास्त चराईत उंच गवत जातं, आखूड गवत राहतं. माळ लांबून हिरवाच दिसतो.

मग शेळीचीच गोष्ट उलटी फिरली. अँगोरा शेळीच्या मोहेर लोकरीला १९५४ च्या कायद्याने सरकारी अनुदान मिळत होतं, ते १९९५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झालं. शेळ्या कमी झाल्या. वणवे तर त्याआधीच विझवले जात होते. कोवळा जुनिपर कुरतडणारं आणि जाळणारं कुणी राहिलं नाही आणि माळ गडद होऊ लागला. तिथले लोक जुनिपरला ‘सीडर’ म्हणतात आणि फार राग राग करतात: हा आमचं पाणी पितो, झरे आटवतो. २०१० साली ब्रॅडफर्ड विल्कॉक्स आणि युन हुआंग यांनी पठारावरच्या नद्यांच्या दीर्घ नोंदी तपासल्या. झाडी वाढली होती, पाऊस बदलला नव्हता, आणि नद्यांचा बिनपावसाळी प्रवाह कमी होण्याऐवजी वाढला होता. उजाड, तुडवलेल्या माळापेक्षा झाडी असलेला माळ पाणी जास्त मुरवत असावा, हे त्यांचं स्पष्टीकरण. जुनिपर तोडावा की नाही याचं एका वाक्यात उत्तर मागणाऱ्यांची या पुस्तकाने निराशा होईल. उतार, मातीखालचा थर आणि तोडल्यानंतर तिथे कोणतं गवत येणार, हे कळल्याशिवाय मी कुऱ्हाड हातात देणार नाही.

या भूमीवर शास्त्रज्ञांपेक्षा चांगलं लिहिलेला माणूस म्हणजे एल्मर केल्टन. १९५० च्या दशकात टेक्सासमध्ये सात वर्षं दुष्काळ पडला. तो काळ घेऊन त्यांनी १९७३ मध्ये ‘द टाइम इट नेव्हर रेन्ड’ ही कादंबरी लिहिली. शेवटी पाऊस येतो, गार पाऊस, आणि नुकत्याच लोकर कातरलेल्या शेळ्या त्यात गारठून मरतात. पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला पावसाने असं मारणं कादंबरीतलं वाटेल, पण अँगोरा पाळणाऱ्यांना ती भीती रोजची. आमच्या विषयात तिला दुसरी बाजूही आहे. दुष्काळाने गवत मेलेलं, माती उघडी, आणि अशा वेळी पहिला मोठा पाऊस. ज्या पावसाने माळ वाचायचा त्याच पावसाने माती नेली असं फक्त वीतभर मातीच्या प्रदेशातच घडू शकतं. खोल जमिनीला एवढी चूक परवडते.

आता शब्दांबद्दल थोडं. मराठीत ‘चुनखडी’ हा शब्द दोन वस्तूंसाठी वापरतात: वणी-कोरपना भागात सिमेंटसाठी खाणीतून निघतो तो खडक, आणि काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरे खडे. या पुस्तकात पहिल्याला चुनखडक म्हटलं आहे, दुसऱ्याला चुनखडी. कडक थरासाठी कॅलिची हाच शब्द ठेवला. तो मूळचा स्पॅनिश आहे आणि टेक्सासमध्येही पाहुणाच आहे. मृदांची टॅरंट, एक्रँट, अप्टन ही गावा-परगण्यांवरून पडणारी नावं तशीच राहू दिली. ‘लो स्टोनी हिल’ या तिथल्या कुरणप्रकाराचं भाषांतर मी तीनदा केलं आणि तीनदा खोडलं. शेवटी ‘गोट्याचा माळ’ लिहिलं, ज्याला पटणार नाही त्याने बदलून वाचावं. ‘मुरूम’ हा शब्द मात्र इथून पुढे कुठेही येणार नाही. तिथे ती वस्तूच नाही.